जमिनीतील खनिजे आणि फळाची रुची
फ्रान्समधील एका द्राक्षमळ्यावरून बुलढाणा जिल्ह्यासाठी काही विचार

लोणारच्या विवराच्या कडेवर ‘धार’ या नावाचा झरा आहे. त्याचे पाणी गोड व बारमाही असून यात्रेकरू ते तीर्थ म्हणून घेतात. हेच पाणी उतारावरून खाली जाऊन सरोवरास मिळते, आणि सरोवराचे पाणी मात्र तोंडी घालण्याजोगे नाही. त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदलेला आहे. दोन्ही ठिकाणचा खडक एकच, आपला नेहमीचा काळा पाषाण, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. मग थोड्याशा अंतरात एकीकडे गोडी व दुसरीकडे खार असा भेद का पडावा? धारेच्या पाण्यास पुढे जाण्यास वाट आहे. सरोवराच्या पाण्यास बाहेर पडण्यास वाट नाही. ते उन्हाने आटते आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवून जाते. हजारो वर्षे या खात्यात केवळ जमाच होत राहिली, खर्च कधी पडला नाही. त्यातूनच तो सोडा साचला, ज्याचा उपयोग काच व साबण करण्याकडे होत असल्याचा उल्लेख ऐन-इ-अकबरीतही आला आहे.

हा दाखला आरंभीच देण्याचे कारण असे की, अलीकडे फळबागेकडे वळू पाहणारे पुष्कळ शेतकरी एक प्रश्न विचारतात. आपल्या काळ्या जमिनीत खनिजांचा साठा मोठा आहे, तेव्हा आपल्या फळासही विशेष चव यावयास हवी, नाही काय? या समजुतीवर व्यापारही चालतो. ‘खनिजयुक्त’ म्हणून निरनिराळ्या भुकट्या गोणीगोणीने विकल्या जातात, आणि त्या टाकल्याने फळास गोडी व वास येतो असे सांगितले जाते. खनिज आणि चव यांचा संबंध काय, यावर जगात सर्वांत अधिक वाद जर कोणत्या पिकाविषयी झाला असेल तर तो द्राक्षाविषयी, आणि तोही फ्रान्समधील पांढऱ्या द्राक्षमद्यासंबंधाने. म्हणून तेथूनच सुरुवात करणे सोयीचे. शेतकीच्या मासिकात मद्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आणि वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे हेही आम्ही जाणतो. पिण्याची शिफारस करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. चवीची बारीक पारख करून तिची किंमत मोजणारे गिऱ्हाईक या एका मालास लाभले आहे, आणि त्यामुळे जमिनीचा अभ्यासही या पिकात इतरांपेक्षा खोल गेला आहे, एवढेच आमचे प्रयोजन.

फ्रान्समधील ल्वार नदीच्या उत्तर काठावर, तूर शहराच्या पूर्वेस, व्हूव्रे नावाचे गाव आहे. तेथे शेनिन ब्लां या एकाच जातीच्या पांढऱ्या द्राक्षाची वाईन करतात. याच गावी १९२८ साली ह्युएट घराण्याने ‘ओ-ल्यू’ नावाचा मळा घेतला. पुढे १९५७ साली ‘ल माँ’ व १९६३ साली ‘क्लो द्यु बूर’ असे आणखी दोन मळे त्यास जोडले गेले. तीनही मळे एकाच गावच्या पठारावर आहेत, वेल एकाच जातीची आहे, करणारे हातही तेच. तरीही तिन्हींची वाईन वेगवेगळी भरतात आणि जाणकार ती चवीवरून ओळखतात. ओ-ल्यूची माती खोल व चिकण आहे, तिची वाईन मऊ व लवकर तयार होणारी. ल माँच्या मातीत गारगोटीचे खडे मिसळलेले आहेत, तिची वाईन धारदार व ताठ. क्लो द्यु बूर येथे मातीचा थर पातळ असून खाली लगेच चुन्याचा दगड लागतो. गिऱ्हाईक या फरकास ‘खनिजाची चव’ म्हणतात.

या घराण्यातील गास्तों ह्युएट हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षे जर्मनांच्या कैदेत होते. परत आल्यावर १९४७ ते १९८९ पर्यंत ते व्हूव्रेचे नगराध्यक्ष राहिले. जलद आगगाडीचा मार्ग द्राक्षमळ्यांवरून जाण्याची वेळ आली तेव्हा गावाने विरोध केला, आणि अखेर रूळ मळ्यांखालून बोगद्याने नेण्यात आले. हे ऐकून आपल्याकडील भूसंपादनात जमीन गमावलेल्या मंडळींस काय वाटेल ते सांगणे नको. मळ्याची चाल मात्र जुनीच राहिली. द्राक्षे हाताने, एकाच वेलीवरून दोन-तीन फेऱ्यांत, पिकतील तशी तोडावयाची. कोणत्या वर्षी वाईन कोरडी होईल आणि कोणत्या वर्षी गोड, हे मालक आधी ठरवीत नाही, ते त्या वर्षाचे ऊन-पाऊस ठरविते. १९९० पासून या मळ्याने रासायनिक खते सोडून रुडॉल्फ स्टायनर यांच्या पद्धतीचा अवलंब केला. त्या पद्धतीत गायीच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात व मग पाण्यात ढवळून शिंपडतात. शिंगाने काय साधते याचा पुरावा आम्हांस पटण्याजोगा दिसत नाही. परंतु त्याजबरोबर जे कुजलेले खत घातले जाते आणि जी कोळपणी होते तिचा गुण कोणाही शेतकऱ्यास समजण्यासारखा आहे.

आता या मळ्यांखालचा दगड पाहावा. त्यास तेथे ‘तुफो’ म्हणतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला हा मऊ, पिवळसर चुनखडक आहे. ल्वारकाठच्या हवेल्या याच दगडाच्या, आणि तो काढून झालेल्या गुहांतच वाईनची पिंपे ठेवतात. त्याचा विशेष असा की, त्याच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग सूक्ष्म पोकळ्यांचा असतो. पाऊस पडला की जादा पाणी मुळांजवळ न थांबता खाली झिरपते, आणि उन्हाळ्यात हाच दगड ओल्या विटेप्रमाणे मुळांस थोडे थोडे पाणी पुरवितो. वेलीस एकदम भरपूर पाणी कधीच मिळत नाही आणि ती कोरडीही पडत नाही. बोर्दो प्रांतात जेरार सेगाँ या शास्त्रज्ञाने उत्तम गणल्या गेलेल्या निरनिराळ्या मळ्यांची माती तपासली. कोठे गोटाळ, कोठे चिकण, कोठे चुनखडीची, अशा अगदी भिन्न मातीतून उत्तम माल येत होता; समान होता तो पाण्याचा निचरा व बेताचा पुरवठा.

दगड विरघळून रसात उतरतो ही कल्पना मात्र टिकत नाही. वेल्समधील भूगर्भशास्त्रज्ञ ॲलेक्स मॉल्टमन यांनी २००८ च्या आपल्या लेखात व नंतरच्या पुस्तकात तिचा चांगला समाचार घेतला आहे. मुळे दगड खात नाहीत. पाण्यात विरघळलेले पालाश, चुना, मॅग्नेशियम, लोह इत्यादी घटक अत्यल्प प्रमाणात ती शोषून घेतात, आणि वेलीच्या देहाचा बहुतेक भाग हवा व पाणी यांपासूनच बनतो. एक लिटर वाईन आटवून जाळली तर राख उरते ती सुमारे दीड ते तीन ग्रॅम, आणि तीत मोठा वाटा पालाशाचा. गारगोटी किंवा काळा पाषाण जिभेवर ठेवून पाहावा. त्यास चव नसते. फ्रान्समध्येच शाब्ली नावाच्या गावी शार्दोने द्राक्षाची पांढरी वाईन होते. तेथील मातीत पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या कालवांचे शिंपले सापडतात, आणि त्यामुळेच त्या वाईनला समुद्राची चव येते असे पुष्कळ लोक मानतात. पण समुद्राची चव असावयाची ती कालवाच्या मांसास. ते केव्हाच नाहीसे झाले, आणि मागे उरला तो साधा चुना. गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखा जो वास काही पांढऱ्या वाईनला येतो, त्याचे मूळ बरेचसे रस आंबताना तयार होणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांत सापडले आहे. ‘खनिजाची चव’ या शब्दाने जे ओळखले जाते त्यात आंबटपणाचा वाटा मोठा आहे, व तो आंबटपणा टिकतो थंड रात्री, बेताचे पाणी आणि वेळेवर तोडणी यांमुळे.

उलटपक्षी, पालाशासारखे खनिज रसात अधिक उतरले तर वाईन बिघडते. द्राक्षात टार्टारिक नावाचे आम्ल असते. पालाश त्याच्याशी संयोग पावून त्याचे खडे बनवितो; ते पिंपाच्या तळाशी बसतात आणि रसाचा सामू चढतो. पांढऱ्या वाईनच्या रसाचा सामू ३.१ ते ३.४ च्या दरम्यान असणे इष्ट असते. तो ३.६ च्या पुढे गेला की माल सपक लागतो, त्याचा रंग लवकर उतरतो व तो टिकत नाही. म्हणजे ज्यास आपण खनिजांनी समृद्ध म्हणू तो रस गिऱ्हाईकाच्या जिभेस ‘खनिजाचा’ लागत नाही. भारी काळ्या जमिनीत पालाशाची वाण सहसा नसते. तीत पुन्हा डोळे मिटून पालाशाची गोणी ओतणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आपल्या महाराष्ट्रात हीच शेनिन ब्लां जात नाशिकला येऊन स्थिरावली आहे. राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास नाशिकजवळ आपल्या कौटुंबिक जमिनीत शेनिन ब्लां व सोव्हिन्यों ब्लां या जाती लावल्या, १९९९ साली कारखाना उभारला, आणि आईच्या सुलभा या नावावरून त्यास ‘सुला’ हे नाव दिले. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि त्यानंतर कारखाने वाढले. ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावास भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली. फ्रान्समध्ये अशी कायद्याची चौकट १९३५ साली आली, आणि व्हूव्रेला तिचा लाभ १९३६ साली झाला. नाशिकची जमीन आपल्यासारखीच बेसाल्टपासून झालेली, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. तेथे चुनखडक नाही, कालवे नाहीत, तरी शेनिन ब्लां तेथे तजेलदार उतरते. वेल वर्षातून दोनदा छाटावयाची, एप्रिलची खरड छाटणी व पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, ही आपली देशी रीत तेथे कामास आली. तिच्यामुळे फळ थंडीत वाढते आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, कडक ऊन पडण्यापूर्वी, उतरून जाते. मळे मुरमाड उतारावर आणि ठिबकचे पाणी मोजून; व्हूव्रेला जे काम दगड करितो, ते येथे बागायतदारास तोटी फिरवून करावे लागते.

मग बुलढाण्याने काय समजावे? आपला जिल्हा निसर्गतःच दोन भागांत विभागला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा तो बालाघाट आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यातला तो पायनघाट, ही वऱ्हाडातील जुनी नावे आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा वरचा भाग. बुलढाणा गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर आहे, म्हणजे उंचीने नाशिकच्या जवळपास. अक्षांशही जवळजवळ तोच, आणि खडकही तोच. येथील मध्यम खोलीच्या, खाली मुरूम असलेल्या जमिनीत द्राक्ष येण्यास जमिनीची आडकाठी नाही. देऊळगाव राजाला लागूनच जालना जिल्हा आहे, आणि त्यातील कडवंची गाव खाण्याच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे १९९६ पासून पाणलोटाची कामे झाली, बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली, आणि मगच द्राक्षबागा वाढल्या. हा क्रम उलटा करून चालत नाही. नाशिकच्या मागे गोदावरीवरचे धरण आहे; आपल्या बालाघाटावरील विहीर एप्रिलमध्ये तळ दाखविते, आणि खरड छाटणीनंतर नव्या फुटीस पाणी लागते ते नेमके त्याच दिवसांत.

पायनघाटाची गोष्ट निराळी आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूस पूर्णेचा खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा मिळून तो सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा भरतो. माती अतिशय खोल व चिकण, पाणी मुरण्यास मंद, आणि भूगर्भातील पाणी खारे. लोणारच्या सरोवरात जे उघड्यावर घडले, तेच येथे जमिनीच्या पोटात हळूहळू घडत आले आहे. सोडियम वाढला की मातीचे कण एकमेकांस सोडून देतात, पावसात चिखल होतो, उन्हात दगडासारखे ढेकूळ होते, व जमीन चोपण बनते. विनिमयक्षम सोडियम शेकडा पंधराच्या वर गेला की ती जमीन चोपण समजावी, असा ठोकताळा शास्त्रज्ञांनी दिला आहे. जिप्सम घालून सोडियम सुटा करता येतो, पण सुटलेला सोडियम वाहून नेण्यास चर व गोडे पाणी नसेल तर तो पुन्हा तेथेच बसतो.

द्राक्षवेल खाऱ्या पाण्यास फारशी सोशिक नाही. पाण्याची विद्युतवाहकता १.० डेसीसिमेनपर्यंत असेल तर उत्पन्नास धक्का लागत नाही, १.७ झाली की सुमारे दशांश उत्पन्न जाते, व ४.५ ला निम्मे. पानांच्या कडा करपून आत वळू लागल्या म्हणजे ती सूचना समजावी. ज्याच्या विहिरीचे पाणी या हिशेबात बसत नाही त्याने, कोणी कितीही ‘खनिजयुक्त जमीन’ म्हणून वाखाणले तरी, द्राक्षाच्या नादी लागू नये. ज्वारी, कापूस, हरभरा यांत त्या जमिनीची अब्रू अधिक राहील.

खुंटाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य वाटते, कारण आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ शेतांत हातभर खणले की चुनखडी लागते. फ्रान्समध्ये १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या मुळे पोखरणाऱ्या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय म्हणून अमेरिकन रानवेलींच्या खुंटावर देशी काडीचे कलम करण्यात आले. कीड हटली, परंतु चुनखडीच्या मळ्यांत नवीच आपत्ती आली. पाने पिवळी पडत, शिरा तेवढ्या हिरव्या राहत, कारण चुन्यामुळे लोह वेलीस घेता येईना. तेव्हा १८८७ साली प्येर व्हियाला यांस सरकारने अमेरिकेस धाडले, आणि टेक्ससमधील रोपतज्ज्ञ मन्सन यांच्या साहाय्याने त्यांनी चुनखडीत तग धरणारी बर्लांडिएरी ही रानवेल हुडकली. मिलार्दे यांनी तिचा देशी वेलीशी १८८२ सालीच संकर केला होता. त्यातून निघालेला ‘४१ बी’ हा खुंट चुनखडीच्या मुलखात अजून वापरतात. आपल्याकडे खुंटाची गरज पडली ती किडीपेक्षा अवर्षण व क्षार यांमुळे, आणि त्यासाठी डॉगरिज व ‘११० आर’ हे खुंट प्रचारात आले. सारांश, ज्या देशात जमिनीच्या चवीचे एवढे गोडवे गातात त्या देशातही जमिनीचा दोष निघाला तेव्हा दुसऱ्या खंडाचे मूळ आणून लावावे लागले. कोणता खुंट कोठे, हे माती व पाणी तपासल्यावाचून ठरवू नये. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळ आहे, आणि पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. दोन्हीकडे विचारणा करण्यास पोस्टाचा खर्च तो काय!

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. वाईनची द्राक्षे लहान, जाड सालीची, बियांची असतात. खामगावच्या फळबाजारात त्यांस कोणी हात लावणार नाही. गिऱ्हाईक एकच, तो कारखाना. २००८ नंतर मंदी आली तेव्हा नाशिक भागात वाईनच्या द्राक्षांस उठाव राहिला नाही आणि कित्येकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. मांडव, तारा, ठिबक यांत घातलेले पैसे तीन वर्षांनी परत येऊ लागावयाचे, आणि त्याच सुमारास खरेदीदाराने पाठ फिरविली तर सावकाराचे व्याज थांबत नाही. शिवाय फेब्रुवारी-मार्च २०१४ सारखी गारपीट ऐन तोडणीत येते. तेव्हा काडी लावण्यापूर्वीच लेखी करार हवा. त्यात भाव केवळ साखरेच्या अंशावर आहे की आम्लतेवरही, तोडणीचा दिवस कोण ठरविणार, आणि तोडणी लांबल्याने वजन घटले तर ते कोणाच्या अंगावर, हे स्पष्ट असावे. आम्लतेवर भाव देणारा खरेदीदार मिळाला तर तो मालाची पारख असणारा आहे असे समजण्यास हरकत नाही.

ज्यास अजूनही हौस आहे त्याने यंदाच्या पावसाळ्यात एक काम करावे. पोळ्याच्या सुमारास, जमीन चांगली भिजल्यावर, शेतात तीन ठिकाणी, वर, मध्ये व सखल बाजूस, कमरेइतके खोल खड्डे खणावे. मातीचा थर कोठे संपतो, मुरूम कोठे लागतो, चुनखडीचे खडे किती खोलीवर आहेत ते वहीत लिहावे, आणि प्रत्येक थराची माती निराळ्या पिशवीत भरून तपासणीस पाठवावी. मग खड्डे पाण्याने भरून वेळ लिहून ठेवावी. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी ज्या खड्ड्यात पाणी उभे दिसेल, त्या भागात वेल लावू नये.